छाट

मी छाट काढणारा माणूस.
अकराला बायका टोपल्या घेऊन ओळीनं बसतात,
मी कट्टा उचलतो, अंगठ्यानं दाबतो.
ढिली, पोकळ, तोंड नीट न मोडलेली
बाजूला.
हजारातल्या साठ तरी बाजूला.
त्यांची मजुरी नाही. विड्या मात्र कारखान्याच्याच.
बावीस वर्षांत एकीनंही विचारलं नाही
हे साठ कुठून येतात.

संध्याकाळी मी पक्षाचा प्रभाग चिटणीस.
बिल्ला वेगळा, अंगठा तोच.

यंदा वरून निरोप आला,
तिकीट कुणाला ते लोकांना विचारा.
मी शेंगाचटणीचा पाच किलोचा डबा घासला,
झाकणाला सुरीनं चीर पाडली
आणि तीन दिवस विडी घरकुलात दारोदार.
ज्यांना लिहिता येईना त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.
सांगितलं तेच लिहिलं.
एवढं तरी माझ्या नावावर असू द्या.

डबा उघडला तेव्हा चिठ्ठ्यांना लसणाचा वास.
चारशे बारा.
पद्मावती येमूल, दोनशे एकतीस.
तिसऱ्या ओळीत बसते. पाण्याच्या टँकरपुढं
आडवी झाली होती ती हीच.
बसवराज कोरपे, अण्णांचा पुतण्या, अठ्ठ्याऐंशी.
बाकी किरकोळ.
एकीनं मेलेल्या नवऱ्याचं नाव दिलं होतं.
एकानं नळ काढला होता, खाली थेंब नाही.
आणि एक चिठ्ठी तेलुगूत.
मला वाचता येईना. बाद केली.

सात रस्त्याचं विश्रामगृह, निरीक्षक साहेब,
कडक भाकरीचा चुरा टेबलावर.
अण्णांनी डबा हातात घेऊन हलवला,
देवळातला कौल लावावा तसा.
चिठ्ठ्या खऱ्या आहेत, म्हणाले,
म्हणूनच नीट बघू.
हे दोनशे एकतीस रुसून जातील कुठं?
घरकुल आपलंच. दोन दिवस बोलतील, मग देतील.
कोरप्याचे अठ्ठ्याऐंशी रुसले
तर जीप काढून पलीकडं जातील.
साहेबांनी विचारलं, बाई खर्च किती करील?
कुणी हसलं नाही. मीही नाही.
मला वाटलं होतं दार बंद करून लोकांना विसरतात.
तसं नाही.
आत सगळा वेळ लोकांचीच मोजदाद चालते,
कोण धरून ठेवायला लागेल,
कोण आपोआप राहील.

तीनला मुदत संपणार, पावणेतीनला एबी फॉर्म आला.
पाकीट फोडून नाव वाचायचं काम माझ्याकडं.
माझा आवाज चांगला आहे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पद्मावती तिसऱ्या ओळीत.
टोपली पुढं सरकवली, बोलली नाही.
मी खिशातली ती चिठ्ठी काढली.
का काढली, सांगता येत नाही.
हे जरा वाचून द्या, म्हटलं, तुमच्या भाषेत आहे.

तिनं बोटांवरची तंबाखू लुगड्याला पुसली.
बराच वेळ बघितलं.
आईचं अक्षर आहे, म्हणाली.
कोरप्याचं नाव लिहिलंय.
अण्णांनी तिच्या पेन्शनचा कागद करून दिला होता,
तेव्हा मी अकरा वर्षांची.

मागच्या ओळीत कुणाची तरी कात्री वाजत होती,
पान कापल्याचा तो ओलसर आवाज.

चिठ्ठी घडी करून तिनं माझ्यापुढं ठेवली.
बाद कशाला केली?
त्यांचे एकोणनव्वद करा.
हिशेब बरोबर पाहिजे.

मी कट्टा उचलला.
पंचवीस विड्या, दोरा घट्ट, तोंडं सारखी.
अंगठा ठेवला.
ती माझ्या अंगठ्याकडं बघत होती.