इनक्युबेटर, दुसरा कप्पा

नांदेड. पहाटेचे पाच चाळीस.
झाकण उचलते. प्लेट रात्रीतून गुलाबी झालीय,
राजगिऱ्याएवढे ओलसर ठिपके, दाटीनं.

ही मंडळी वाईट नसतात.
सत्तावन्न वर्षं आतड्यात राहिली,
ज्वारीची भाकर, अंबाडी, करडईचं तेल
जे येईल ते खाल्लं,
भाडं म्हणून थोडं जीवनसत्त्व दिलं.
काल ती पोटाच्या पाण्यात निघाली.
तिथं त्यांचं काही काम नव्हतं.

पाणी सटवाजी लोखंडेंचं.
पूर्णेच्या कालव्यावर पाटकरी, आता निवृत्त.
वॉर्डात आल्यापासून जो तो विचारतो, किती पिता?
ते दर वेळी नुसतं हसतात.
शाळेत असताना कंपाउंडर आला होता,
काचेची सिरिंज, ॲल्युमिनियमची डबी,
चौथीच्या अख्ख्या वर्गाला एकच सुई.
त्यातूनच आलं असेल. नसेलही.
केसपेपरवर फक्त 'कावीळ ब' आहे.

बाटल्या घेऊन मी स्वतःच गेले होते,
पलंगापाशी भरलेलं जास्त खात्रीनं उगवतं.
सुई आत जाईपर्यंत ते बोलत राहिले:
"पुढं चारीत गाळ बसला ना बाई,
की पानी मागं फुगतंय.
मग ते वाट काढतंय कुठूनबी,
खेकड्याच्या बिळातून, बाभळीच्या मुळीतून.
भराव उभाच दिसतो बगा. आतून ओला."
शिकाऊ डॉक्टर वहीत आकृती काढत होता,
यकृत, त्यात शिरणारी जाड शीर, उलटे बाण.
त्यानं एकदा मान वर केली.

मग म्हणाला, हात पुढं करा, पंजे ताठ.
पंजे टिकेनात.
पडायचे, सावरायचे, परत पडायचे.
एकतीस वर्षं गेटचं चाक या हातांनी फिरवलेलं.

रात्री दोनला त्यांनी विचारलं म्हणे,
टेलला पाणी पोचलं का?
सिस्टर पठाण औषधाचं गोड पातळ सरबत घेऊन उभी.
टेल म्हणजे काय, तिला ठाऊक नाही.
"पोचलं काका," म्हणाली, "हे घ्या."

आता नव्या प्लेटवर औषधाच्या टिकल्या मांडते.
कुणाभोवती ही मंडळी मागं सरतात
ते उद्या दिसेल. उद्या बराच लांब आहे.
वॉर्डाचा फोन कुणी उचलत नाही.

तोवर रजिस्टर. रकाना तिसरा: रंग.
लिहिते, गढूळ.
हे त्यांनी कालच सांगितलं होतं,
बाटली खिडकीच्या उजेडात धरायला लावून,
डोळे बारीक करून:
"गढूळ हाय. वर कुठंतरी फुटलंय."