पंचवीस, इरवै ऐदु

मल्लेशम पुलगमला आता शेडपर्यंत येववत नाही,
म्हणून बिघडलेल्या मागाचा आवाज
मी फाईलमध्ये भरून त्याच्याकडे नेला,
अक्कलकोट रोडवरून विडी घरकुलला, मे महिन्यात, दुपारी दोनला.
डिकीत टॉवेल, टॉवेलात लॅपटॉप.

लॅपटॉप म्हणजे पॉवरबुक, जी-फोर,
बंद पडलेल्या लेबल छापखान्यातून
रद्दीच्या भावाहून जरा वर मिळालेलं.
त्याच्या कंपनीने त्याची ओळख कधीच सोडलेली.
लिनक्स घातलं तर उठलं,
पण मुकं,
आणि असं संथ, की पडद्यावरची खिडकी उघडेपर्यंत
मी खरी खिडकी उघडून, उन्हाला शिव्या देऊन, लावून यायची.

तीन रात्री.
एक मोड्यूल घातलं, काढलं, दुसरं घातलं.
मिक्सरच्या उभ्या पट्ट्या काठोकाठ भरलेल्या,
आणि प्रत्येकीच्या पायाशी दोन एम,
तोंडाला लावलेल्या टाक्यांसारखे.
ते उसवले. तरी नाही.
मग कळलं, हेडफोनच्या रिकाम्या भोकात
कुणीतरी आहे असं त्याला वाटतंय,
सगळा आवाज तिकडेच ओततंय बिचारं.
ते वाटणं बंद केलं, तेव्हा पहाटे पावणेचारला
एक परदेशी बाई म्हणाली, "फ्रंट लेफ्ट."
मी डावीकडे वळून बघितलं.

मल्लेशमने फाईल आधी ऐकलीच नाही.
यंत्र ऐकलं.
उजवा कान त्याचा दोन नंबर शेडमध्येच राहिलाय,
डावा त्याने कीबोर्डला टेकवला.
"धापा टाकलालंय. नाक चोंदलंय बघ."
स्क्रू वाटीत. पंख्याच्या तोंडाशी बोटभर रुई,
राखाडी, कोमट, आमच्याच शेडची,
चादरीत जायची ती इथे जमलेली.
"बॅटरी कुठाय?"
फुगली, काढून टाकली. त्यामुळे दीड हजारावर पळणारं
साडेसातशेवर चालतं.
"मग बरोबर हाय की," नरसम्मा म्हणाली,
विडीचं पान कापता कापता, "उपाशी कोण पळतंय?"

मग फाईल लावली.
खर्रर्रर्र. नुसतं खर्रर्रर्र.
"ह्यो माग नव्हे बे," तो म्हणाला,
"असा माग असता तर मीच भंगारात घातला असता."

मी सांगू लागले: आवाजाचा प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत असतो.
माझ्या रेकॉर्डरने लहान तुकडा आधी लिहिला,
हे यंत्र मोठा आधी वाचतं.
तो जरा थांबला.
"म्हणजे तू म्हणतीस पंचवीस. आधी पाच, मग वीस.
मी घरात म्हणतो, इरवै ऐदु. वीस आधी."
हो.
"मग ह्ये आमच्यातलं हाय.
आन् तू त्याला मराठीत मोजायला लावलालीस."

चाळीस वर्षं कारखान्यात पंचवीस, उंबऱ्याच्या आत इरवै ऐदु.
पगार मोजताना ओठ कुठल्या भाषेत हलायचे
ते नरसम्मालाच विचारा.

मी आज्ञेत एक अक्षर बदललं.
बीईचं एलई.
खोलीत माग सुरू झाला.
कात्री थांबली. शेजारचं पोर दारात येऊन उभं राहिलं.
खटाक् खट, खटाक् खट, खटाक्—
आणि मध्येच एक ठोका पाय घसरल्यासारखा.
मल्लेशमचे डोळे मिटलेले, अंगठा गुडघ्यावर.
"पिकरचं चामडं गेलंय. डावीकडचं.
पण ह्यो सात नंबर नव्हे. नऊ हाय."
मी वहीत बघितलं.
नऊच होता.

चामडं बदललं, माग सुधारला.
लॅपटॉपचं मात्र अजून एक राहिलंय:
झाकण मिटून झोपवलं की उठल्यावर
बोलायचं विसरतं. यावर औषध सापडलं नाही.
म्हणून चिकटपट्टीवर मार्करने लिहिलंय, 'मिटू नये'.
ऑफिसात ते रात्रंदिवस उघडंच असतं.
सकाळी कीबोर्डवर रुईची पातळ साय धरलेली असते,
ए पासून एल पर्यंत.
मी फुंकर मारते आणि कामाला लागते.