डावा खांदा

महापेच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कंपनीच्या बरोब्बर वर
मी दिवसाचे सहा तास उभी असते.
तेच माझं काम. उभं राहणं.

मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलतात,
त्यामुळे त्यांचं कुठलंच वाक्य पुरं होत नाही.
'श्वास' म्हणाले की सोडायचा,
'हात' म्हणाले की उचलायचा.
अंगावर मांजरपाट. नेहमी मांजरपाटच.
रेशीम येतं ते नंतर, कुणासाठी तरी,
तेव्हा मी घणसोलीच्या बसमध्ये असते
आणि दंडावर टाचणीचा एक लाल ठिपका.

माझा डावा खांदा तीन सूत खाली आहे.
पहिल्याच दिवशी मास्तरांनी टेप न लावता ओळखलं.
'काय उचलायचीस?'
भाऊ, म्हटलं.
आई खाडीत निवट्या धरायला जायची,
भरती लागेपर्यंत तो माझ्याकडे,
आणि जमिनीवर ठेवला की बोंबलायचा.
मास्तरांनी टाचण्या काढल्या, काहीतरी म्हणायला.
मग परत तोंडात ठेवल्या.

तपकिरी कागदावर मात्र मी सरळ आहे.
खिळ्याला टांगलेला माझा पुढा, माझी पाठ, बाह्या,
सगळ्यांवर निळ्या पेन्सिलीनं : दर्शना, मीडियम.
ते तीन सूत मास्तर दर वेळी
कागदावर वर उचलून घेतात,
लग्नात एखादीचा पदर न बोलता सावरावा, तसे.

मार्चमध्ये एकदा घाई झाली.
टेम्पो खाली हॉर्न मारत होता,
इस्त्रीवाला युनूस रडकुंडीला आलेला,
शेवंतामावशी चालता चालता हुक लावत होत्या.
सव्वा लाखाचा पांढरा कोट
माझे तीन सूत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी एकाच मोबाईलवर पाहिलं आम्ही सगळ्यांनी,
डबे उघडेच ठेवून.
पाच फूट अकरा इंचांची ती मुलगी
काळ्या फरशीवरून चालत आली,
खांदे पट्टीनं आखलेले,
आणि कोट डावीकडे जरासा उतरलेला.
असा, की वाटावं
आत्ताच कुणाला तरी कडेवरून खाली ठेवून आलीय.

मॅडमचा फोन आला. मास्तर उठून उभे राहिले.
मॅडम म्हणाल्या, तो उतार फार सुंदर होता,
पुढच्या सगळ्या कोटांना ठेवा.

आता कागदावर लाल अक्षरात आहे :
डावा, तीन सूत खाली. मुद्दाम.
कापताना मास्तर माझ्याकडे बघत नाहीत.

घरी भावाला व्हिडिओ दाखवला.
'त माजं वजन हाय गो,' म्हणाला,
'निम्मं पैसं माजं.'
पैसे? म्हटलं. पैशांचं कोण बोललं?

तो हसला. मग उठून पाणी प्यायला गेला.
तुर्भ्याच्या मार्केटात बटाट्याची पोती उतरवतो,
दहा वर्षं झाली.
माठावर वाकलेला त्याचा उजवा खांदा
मी पहिल्यांदाच नीट पाहिला.