यात जिंकाचं काय हाय?

सुगत विचारतो, "मामा, यात जिंकाचं काय हाय?"
पडद्यावर समुद्र. खरा मी अजून पाहिलेला नाही.
काठावर एक दीपगृह, त्यात एक राखणदार,
तो मी.
संध्याकाळी एकशे बारा पायऱ्या चढायच्या,
काच पुसायची, काजळी झाडायची, दिवा लावायचा.
गलबत आलं का, वाचलं का,
खेळ सांगत नाही.
सकाळी एक कोरी वही उघडते.
वाटलं तर लिहायचं.

सुगतच्या फोनात शंभर पोरं आभाळातून उतरतात
आणि भोवतीचं वर्तुळ आवळत जातं.
ग्रामपंचायतीच्या वायफायखाली तो आणि रोशन नेवारे,
"मेलो रे! उठव मले, उठव लवकर!"
आणि रोशन गोळ्यांमधून धावत जाऊन त्याला उठवतो.
वाईट नाही तोही खेळ.
इतक्या झटक्यात गावात कोण कोणाला उठवतं?

पण आवडीला कारण नसतं.
मला बोरंसुद्धा अर्धी कच्चीच आवडायची.
आर्वीला आयटीआय करताना, तासाला दहा रुपये देऊन,
बाकीचे गाड्या उडवायचे
आणि मी चालत जायचो नकाशाच्या कडेपर्यंत.
पुढे डोंगर दिसायचा, एक पायवाटही,
पण पाय जागच्या जागी हलत राहायचे.
कॅफेवाला भोयर म्हणायचा, "बग हाय थो, माघारी फिर."
मला वाटायचं, देव असलाच तर इथंच कुठंतरी बसला असेल,
काम संपवून,
पुढचं नुसतं चित्र लावून.

दुसऱ्या एका खेळात विहिरीवर एक बाई होती.
कितीदाही बोला, तिचं एकच वाक्य,
"आज वारा पडलाय."
राजाचा खुनी शोधायचा सोडून मी तिच्यापाशी थांबायचो.
वीस वेळा, तीस वेळा.
एकविसाव्यांदा ती वेगळं काही बोलेल म्हणून नाही.
त्या वाक्यामागं काय असेल म्हणून.

नोकरी माझी तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात.
रात्री दहाला फोन येतो,
"पिंपळखुटा उतरव, टाकरखेडा चढव."
मी बटण दाबतो.
उत्तरेचे ठिपके विझतात,
दक्षिणेला मोटारी घरघरू लागतात, हरभऱ्याच्या पाण्यासाठी.
कोणाचा पंखा थांबला, कोणाचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत गेलं,
खेळ सांगत नाही.
वही इथंही आहे: वेळ, अँपिअर, सही.

आणि लाइनमन मोतीराम उईके.
अकरा वर्षं तो दारात उभा राहून एकच वाक्य म्हणतो,
"सायेब, जंपर गेला."
मी परमिट देतो, तो खांबावर चढतो.
तो वर असेपर्यंत माझा फोन उलटा असतो टेबलावर,
हात मांडीखाली.
तिथं परत उठवणारा रोशन नसतो.
तो उतरतो, परमिट फाडतो, सायकल काढतो.
त्या वाक्यामागं काय आहे,
अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

परवा विचारलं. "मोतीराम, वरून काय दिसते?"
तो बराच वेळ टॉर्चची कळ चालू-बंद करत राहिला.
"वरून? वरून आपलं हे ऑफिसच दिसते, सायेब.
बाकी अंधारच करून ठेवतो ना आपण."

खेळात तिसाव्या रात्री तेल संपत येतं.
दिवा पेटवा, नाहीतर शेगडी.
मागं जाऊन सुरुवात बदलता येते, म्हणे.
मी बदलत नाही. बदलली तर ती रात्र माझी कशी?
ठरत नव्हतं. विचार करता करता खुर्चीतच डोळा लागला.
सुगत डबा घेऊन आला होता, तो तिथंच थांबलेला.

सकाळी खेळातली वही उघडली
तर त्याच्या अक्षरात नाही, पण त्याच्या बोलीत:
"मामा झोपला. दिवा मी लावला. लय थंडी हाय.
एक बोट दिसल्यावानी वाटली.
पक्कं नाई."