दोन्ही टोकांना निमुळती

तीन मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर तरंगतो.
सुरकुती पडली की मी ब्रशाच्या केसानं सोडवते.
अशोक चौकातल्या यादगिरी गड्डमचा डावा तळपाय.
जांभळा डाग, वाटाण्याएवढा.
त्याला वाटलं, लूमखाली काहीतरी लागलं असेल.

पुस्तकात लिहिलंय, चातीच्या आकाराच्या पेशी.
मी मागाच्या आवाजात वाढलेली, मला विचाराल तर
चाती नव्हे, धोटा.
दोन्ही टोकांना निमुळता, पोट फुगीर,
घोळक्यानं पळत सुटलेले धोटे,
आणि मधल्या फटींत अडकलेलं रक्त
ज्याला परतीची वाट कुणी विणलीच नाही.

कापोसी. पण या पेशी मुळात कुठल्या?
मॅडम म्हणतात, भांडण मिटलेलं नाही.
कुणी म्हणतं रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या,
कुणी म्हणतं लसीकेच्या.
विषाणू आत शिरतो आणि
रक्ताच्या नळीला पटवतो, तू लसीकेची,
लसीकेच्या नळीला, तू रक्ताची.
आमच्या आईसारखं:
माहेरी तेलुगू, शाळेत मराठी, सासरी कन्नड,
जनगणनेवाल्यानं मातृभाषा विचारली
तर नुसती हसली.

एरवी तो निपचित असतो, पहारा जागा असतो म्हणून.
यादगिरीचा पहारा आम्हीच गुंगवून ठेवलाय,
सकाळी गोळी, रात्री गोळी,
अक्कानं दिलेल्या किडनीला त्याच्या अंगानं
परकी म्हणू नये म्हणून.

नमुना पुण्याला गेला.
मार्चमध्ये रिपोर्ट आला:
धोट्यांच्या पोटात दोन-दोन एक्स. वाय एकही नाही.
मी परत नाव वाचलं. वय चौतीस, पुरुष.
लेबलं बदलली का म्हणून अख्खा ट्रे तपासला.
नव्हती बदलली.

म्हणजे किडनीबरोबर मूठभर ती पण आली होती,
आणि कमरेपासून तळपायापर्यंत
कुणाला न सांगता चालत गेली.

राजमणी अक्का खिडकीशी उभी.
बोटांना तंबाखूचा वास, हजार विड्यांची मजुरी बुडवून आलेली.
"कशी आहे हो माझी किडनी?"
सासरी दिलेल्या लेकीबद्दल विचारावं तसं.
मी म्हटलं, क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन. छान आहे.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

मॅडमना विचारलं, सांगायचं का तिला?
त्या चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, गोळी बदलू.
पहारेकऱ्याला थोडं जागं करू,
डागाकडे बघेल एवढंच,
पाहुणीला बाहेर काढेल इतकं नाही.
आणि ती सीमा कुठे असते
हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

जूनमध्ये डाग फिकटला,
बशीत वाळलेल्या चहासारखा.
रिपोर्ट फाईलमध्ये आहे, इंग्रजीत.
अक्काच ती फाईल सांभाळते,
चादरीच्या दुकानातल्या पिशवीत घालून,
दर सोमवारी आणते,
उन्हात पावलं भराभर उचलत,
स्वतःबद्दलचं ते एक पान
छातीशी धरून.