खाच

शिंचूत वारा सुटला की
खिडक्यांच्या रबरी पट्ट्या शीळ घालतात.
सातव्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
मी ऑसिलोस्कोपसमोर बसून
एक डोळा उघडायची वाट बघते.

आमच्यात त्याला डोळाच म्हणतात.
तारेतून धावणारे शून्य आणि एक
लाखो वेळा एकमेकांवर रचले
की मधे बदामाएवढी मोकळी जागा उरते.
वाचता येतं ते तेवढ्यातच.
नव्या मेमरीचा डोळा आज
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा किलकिला;
व्होल्टेज जरा ढकललं की मिटतो.

खाली बैठकीत उपाध्यक्ष लियेन विचारतात, कधी?
हा शब्द इथे तीन वर्षं आधी उच्चारावा लागतो.
आज सिलिकॉनवर जे दार कोरू
त्यातून कोण, काय भाव सांगत आत येईल
ते तेव्हाच कळणार.
समुद्रापलीकडच्यांनी
(आम्ही त्यांचं नाव घेत नाही,
घेतलं की ते तारीख अलीकडे आणतात असा समज आहे)
काल जाहीर केलं: येत्या वसंतात,
फक्त नवी. जुनीला जागा नाही.

मार्केटिंगचा शिए म्हणतो, आपण मागे राहू.
हिशेबवाली म्हणते, दुप्पट भाव,
शिवाय पहिलं वर्षभर जुनीच्याही मागे चालेल ती.
कुणीतरी म्हणतं, दोन्ही ठेवू या की.
दोन्ही म्हणजे दोन दारं,
त्यातलं एक प्रत्येक घरात कायमचं बंद,
आणि बंद दाराचेही पैसे गिऱ्हाइकाकडूनच.
मी हे बोलले नाही. चहा गार झाला होता, तो प्यायले.

माझ्या खणात एक जुना बोर्ड आहे.
तेव्हा आम्ही सगळ्यांच्या आधी उडी घेतली होती.
मेमरीवाले म्हणाले होते, तुमचे प्रोसेसर येऊ देत,
आम्ही कारखाना लावतो.
प्रोसेसर आले.
बोर्डावरचा स्लॉट अजून चकचकीत आहे,
त्यात कधी काही बसलंच नाही.
पुढच्या खेपेला आम्ही थांबलो,
दुधानं पोळलेल्या तोंडानं ताक फुंकत,
फुंकत,
तोवर दुसऱ्यांनी ताक पिऊन भांडी घासून ठेवली.

क्वांगफू रस्त्यावर ओउ आजोबांचं सुट्या भागांचं दुकान.
त्यांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या, जुनी आणि नवी.
‘खाच सरकवलीत तुम्ही.’
नखानं दाखवलं, एवढीशी.
‘या एवढ्याशात माझं अर्धं कपाट गेलं.’
मी म्हटलं, खाच आम्ही नाही ठरवत, समिती ठरवते.
त्यांनी मान डोलावली,
पावसाला ढग जबाबदार नाहीत असं कुणी सांगावं तशी.

रविवारी शिन्पूला मावशीकडे.
अंगणभर चाळण्यांत सोललेली पर्सिमॉन, वाऱ्यावर.
मावशी एकेक अंगठ्यानं दाबून बघते; चार दिवस आहेत अजून.
पण शेजारच्या पेंगनं कालच उतरवली,
रस्त्यावर गाड्या थांबतात त्याच्या.
मावशी दुपारभर कुंपणाकडे बघत राहिली.
संध्याकाळी दोन चाळण्या तिनंही उतरवल्या.
एक फळ चाखलं. तुरट.
चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही,
पण मला दिलंही नाही.

सोमवारची रात्र. वारा पडलाय.
डोळा उघडा आहे सलग दोन तास,
अरुंद, पण उघडा.
अहवालात तारखेची चौकट रिकामी.
मी आधी शरद लिहिलं, मग खोडलं,
मग वसंत लिहून बघितलं;
अक्षर बरं दिसलं, एवढंच.
पुन्हा शरद.
आणि खाली बारीक टाइपात: जुनं दार राहू द्यावं,
एका पिढीपुरतं.
हे मंजूर होणार नाही, मला माहीत आहे.

फोन वाजला. ओउ आजोबा.
‘नव्या पट्ट्या किती मागवू?’
‘मला सांगता येत नाही.’
पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज.
‘म्हणजे दोनच पेट्या,’ ते म्हणाले,
आणि ठेवला.