एक पान कमी

मोहननगरच्या गच्चीवर रात्रीचे साडेअकरा.
पारा अजून चाळिशीखाली उतरायला तयार नाही.
हार्डडिस्क तापते म्हणून
माठाखालच्या ओल्या फडक्याजवळ ठेवलीय
आणि मी मोजतेय.

तीनशे बारा पानं, पाठपोट सहाशे चोवीस.
दर वेळी सहाशे बावीसच भरतात.

जाताना पप्पांनी सोनेगावच्या विमानतळावर
मलमलचा तुकडा माझ्या खिशात कोंबला होता :
तिकडे असं मऊ फडकं नाही भेटत, ठेव.
आणि मंडळीतल्या शेवंताबाई साळवे सगळ्यांना विचारत होत्या,
इथली काय संपली बायबलं?

तिथे डोंगर होता, मठ होता, थंडी होती.
बंधू थेओक्तिस्तोस, वय एक्याऐंशी, पान उलटायचे.
मी बटण दाबायचे.
हे कातडं आहे, ते रोज सकाळी नव्यानं सांगायचे,
ही केसाची बाजू, ही मांसाची.
मला मोमीनपुऱ्यात उन्हात ताणून वाळवलेली
ढोलकीची पानं आठवायची.
पुस्तक पूर्ण उघडायचं नाही,
म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वळवतात तेवढंच.

ग्रीक मला येत नाही.
अक्षरं एकमेकांना खेटून उभी,
दोन शब्दांत श्वास घ्यायलाही जागा नाही,
पप्पांच्या उधारीच्या वहीसारखी.
मी फक्त फोकस वाचला, सावली वाचली,
समासात कुणी हजारेक वर्षांपूर्वी
टाक आपटून बघितला, ते ठिपके वाचले.

रिबेका त्यांच्या तोंडात बसायचं, तरी ते मला नाग्पूर म्हणायचे.
अर्थ विचारला.
नाग म्हणजे साप, मी म्हणाले. सापाचं गाव.
ते दचकले, क्रूस केला,
मग इतके हसले की तेवढा फोटो हलला
आणि पुन्हा घ्यावा लागला.

तिथेच.
दोनशे सातनंतर थेट दोनशे नऊ.
हसता हसता दोन पानं एकदम उलटली गेली,
बोटं त्यांची, पण डोळे माझे होते.

पप्पा झोपलेले नाहीत.
कामठीच्या एका लग्नात त्यांनी
रोल न घालता तीन तास फ्लॅश मारला होता.
आठव्या दिवशी सगळ्यांना पुन्हा शालू नेसवले, फेटे बांधले.
नवरी पुन्हा रडली.
त्या दुसऱ्या रडण्याचा फोटो
सदरच्या दुकानात काचेमागे अजून आहे,
गिऱ्हाइकं म्हणतात, व्वा, काय खरा आलाय.

पण मला पुन्हा कोण पाठवणार, पप्पा?
तिकीट, विमा, तीन खात्यांच्या सह्या,
आणि एका पानासाठी?
ते म्हणाले, लिहून तर पाह्य.

लिहिलं. माफी मागितली.
कूलरच्या वाळ्याचा वास अंगाला चिकटून राहिला,
आठ दिवस काही आलं नाही.
त्या आठ दिवसांत मी पासपोर्टचे एकशे दहा फोटो काढले,
कान दिसू द्या, हसू नका, हनुवटी खाली,
आणि प्रत्येक कोऱ्या चेहऱ्यामागे
ते पान मिटलेलं दिसायचं मला,
शेजारच्या पानाला गाल लावून.

नवव्या दिवशी फोनवर दोन चित्रं आली.
कुणाच्या तरी पुतण्याचा मोबाइल असावा.
तिरकी. अर्ध्यावर खिडकीची सावली.
रंगपट्टी नाही, मोजपट्टी नाही,
आणि खालच्या कोपऱ्यात, नियमावलीत सगळ्यात आधी बंदी असलेला,
एक जाड, भेगाळलेला अंगठा.
खाली इंग्रजीत एवढंच : नाग्पूर, मी पान धरलंय.

पप्पांनी जुनं भिंग काढलं, ज्यातून ते
निगेटिव्हवरची मुरमं पेन्सिलीनं पुसायचे.
बराच वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले,
नख कापायले पाह्यजे होतं यानं.
पण फोकस बरोबर हाय.